एसक्यूएल क्वेऱ्या मानकाला धरून आहेत की नाहीत, हे तपासायचे कसे?

प्रश्न — पतसंस्था_प्रणाली

नमस्कार. आमचा सहा जणांचा गट सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. जुन्या ग्राहकांकडे ओरॅकल १९सी हा डेटाबेस आहे, नंतर आलेल्यांकडे एसक्यूएल सर्व्हर २०१९ आहे आणि आता दोन संस्थांनी परवान्याचा खर्च नको म्हणून पोस्टग्रेस मागितले आहे. आजवर आम्ही प्रत्येक डेटाबेससाठी क्वेऱ्यांची, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञांची, वेगळी फाइल सांभाळत आलो. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते, हा अनुभव पुरेसा झाला आहे. म्हणून तिसरी फाइल उघडण्याऐवजी सगळ्या मिळून सुमारे साडेसहाशे क्वेऱ्या एकदाच एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेच्या, मानकाप्रमाणे लिहून काढाव्यात आणि तिन्हीकडे त्याच चालवाव्यात, असे ठरवले आहे.

तपासणी सुरू केली आणि पहिल्याच दिवशी गोंधळलो. प्रत्येक खात्याचा शेवटचा व्यवहार काढण्यासाठी आम्ही ‘रो नंबर’ हे विंडो फंक्शन, म्हणजे ओळींना गटागटाने क्रमांक देणारे फंक्शन, वापरतो. स्वीडनच्या मीमर एसक्यूएलने ऑनलाइन उपलब्ध करून दिलेल्या तपासनिसात ही क्वेरी घालून १९९२ चे मानक निवडले, तर ती नापास होते. २००३ चे निवडले, तर ती मानकात बसते, पण ‘टी ६११’ हे वैशिष्ट्य गाभ्याबाहेरचे आहे असा शेरा सोबत येतो. दुसऱ्या एका क्वेरीत ‘फ्रॉम’नंतर कंसात उपक्वेरी आहे, एवढेच, तिलाही ‘एफ ५९१’ गाभ्याबाहेरचे असल्याचा शेरा मिळाला. अशा उपक्वेऱ्या तिन्ही डेटाबेस कित्येक वर्षे बिनतक्रार चालवत आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. कोणत्या वर्षाचे मानक प्रमाण धरावे? गाभ्याबाहेरचे वैशिष्ट्य म्हणजे टाळण्याजोगे वैशिष्ट्य, असे समजायचे का? आणि क्वेरी तपासनिसात पास झाली, तर ती तिन्ही डेटाबेसवर सारखीच वागेल, असे गृहीत धरता येईल का?

प्रतिसाद १ — जुना_डीबीए

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्याकडे वळण्याआधी पहिल्या दोन प्रश्नांची पार्श्वभूमी सांगतो, कारण मानक कसे वाढत गेले हे लक्षात आले की तपासनिसाचे शेरे वाचायला सोपे जातात.

एसक्यूएलचे पहिले मानक अमेरिकेच्या आन्सी संस्थेने १९८६ मध्ये स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी ते आयएसओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक झाले. १९९२ च्या आवृत्तीत पालनाच्या एन्ट्री, इंटरमीजिएट आणि फुल अशा तीन पायऱ्या होत्या. १९९९ मध्ये या पायऱ्या काढून त्यांच्या जागी ‘कोअर’, म्हणजे सक्तीचा गाभा, आणि त्याभोवती क्रमांक दिलेली ऐच्छिक वैशिष्ट्ये अशी मांडणी आली. आपल्याला दिसलेले टी ६११ म्हणजे प्राथमिक विंडो फंक्शने आणि एफ ५९१ म्हणजे ‘फ्रॉम’मधली उपक्वेरी. दोन्ही मानकातच आहेत. मानकाचे पालन करतो असे म्हणणाऱ्या डेटाबेसवर ती पुरवण्याची सक्ती नाही, इतकाच ‘गाभ्याबाहेर’ या शेऱ्याचा अर्थ आहे. तो दोष म्हणून वाचू नये. हे वैशिष्ट्य आपल्या तिन्ही डेटाबेसमध्ये आहे का हे पाहण्याची सूचना म्हणून वाचावा.

वर्षाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: १९९२ वर थांबू नका. विंडो फंक्शने आणि ‘मर्ज’ (ओळ असल्यास बदलणे, नसल्यास घालणे) २००३ च्या मानकात आहेत, ‘फेच फर्स्ट’ (पहिल्या काही ओळीच आणणे) २००८ मध्ये आले, जेसन या माहितीच्या मांडणीसाठीची फंक्शने आणि ‘लिस्टॅग’ (अनेक ओळींतला मजकूर जोडणे) २०१६ मध्ये आले. १९९२ चे बंधन पाळायचे ठरवले, तर ही सगळी सोय सोडून देऊन क्वेऱ्या विनाकारण लांब आणि संथ कराव्या लागतील.

डेटाबेसमध्ये अंगभूत असलेली तपासणी मात्र नेमकी त्याच वर्षावर थांबलेली आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकी सरकारी खरेदीसाठी फिप्स १२७ नावाचा दंडक होता. त्याच्या १९९३ च्या १२७-२ या आवृत्तीने १९९२ च्या मानकाचा आधार घेतला आणि मानकाबाहेरची रचना दिसली की खूण करणारा ‘फ्लॅगर’ डेटाबेसमध्ये असावा, अशी अट घातली. तिथल्या निस्ट या संस्थेकडे चाचण्यांचा संच होता आणि ती डेटाबेसना प्रमाणपत्रही देत असे. हे काम १९९६ मध्ये बंद झाले. तेव्हापासून मानकाच्या पालनाबद्दल प्रत्येक उत्पादक स्वतःच सांगतो आणि बाहेरून पडताळणारे अधिकृत कोणी उरलेले नाही. ओरॅकलमध्ये ‘आल्टर सेशन सेट फ्लॅगर’ ही आज्ञा अजून आहे. तिला एन्ट्री, इंटरमीजिएट, फुल यांपैकी काहीही सांगितले तरी तपासणी एन्ट्री पातळीचीच होते, असे त्यांच्याच दस्तऐवजात नोंदवलेले आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सेट फिप्स फ्लॅगर’ आहे. ती आज्ञा क्वेरी चालताना लागू होत नाही, वाचली जातानाच लागू होते, त्यामुळे कधीही न गाठल्या जाणाऱ्या ‘इफ’च्या फांदीत ती लिहिलेली असली तरी तिचा परिणाम होतो. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसातच साठवलेल्या आज्ञांचा संच, तपासताना हे विसरू नये.

पोस्टग्रेसमध्ये असा फ्लॅगर नाही. ‘बेसिक फ्लॅगिंग’, म्हणजे एफ ८१२, हे १९९९ पासून मानकाच्या गाभ्यातले वैशिष्ट्य आहे आणि पोस्टग्रेस ते आपल्या न पुरवलेल्या वैशिष्ट्यांच्या यादीत प्रामाणिकपणे नोंदवते. ती यादी वाचायलाच हवी. २०२३ च्या मानकाच्या गाभ्यातील १७७ सक्तीच्या वैशिष्ट्यांपैकी किमान १७० आपण पुरवतो, असे पोस्टग्रेसच्या १६ व्या आवृत्तीच्या दस्तऐवजात म्हटले आहे, आणि उरलेली कोणती हेही तिथे क्रमांकासह दिलेले आहे.

आता तिसरा प्रश्न. मानकाने फ्लॅगरच्या तपासणीच्या दोन पातळ्या सांगितल्या आहेत. एकीत फक्त वाक्यरचना पाहायची असते; दुसरीत टेबले आणि कॉलमांची नोंदवही उघडून प्रकारही ताडून पाहायचे असतात. एफ ८१२ मध्ये पहिली येते, दुसरीसाठी एफ ८१३ हे वेगळे वैशिष्ट्य आहे. ऑनलाइन तपासनिसाकडे आपली टेबले नसतातच, म्हणून तो केवळ रचना पाहू शकतो. रचना बरोबर असूनही उत्तर वेगळे येऊ शकते, आणि पैशाच्या हिशेबात धोका तिथेच आहे.

प्रतिसाद २ — स्थलांतराचे_काम

वरचे विवेचन पटले. मी कामाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण साडेसहाशे क्वेऱ्या एकेक करून ऑनलाइन रकान्यात चिकटवणे कोणाकडूनही नीट होणार नाही.

क्वेऱ्या फायलींमध्ये असतील, तर एसक्यूएलफ्लफ हे मुक्त साधन संपूर्ण फोल्डरवर एकदम चालवता येते. त्यात एसक्यूएलची बोलीभाषा, म्हणजे कोणत्या डेटाबेसची लिहिण्याची पद्धत, निवडावी लागते आणि त्यांपैकी एकीचे नाव ‘आन्सी’ आहे. या नावावर विसंबू नका. ती बोली इतर बोलींचा पाया म्हणून लिहिलेली आहे, त्यामुळे ती सैल आहे. ओळींची संख्या मर्यादित करणारे ‘लिमिट’ मानकात नसूनही ती खपवून घेते. नियमित लेखनशिस्तीसाठी आणि ढोबळ चुकांसाठी साधन उत्तम आहे, मानकाचा निवाडा मात्र त्याच्याकडून घेऊ नये. मी असे करतो की पहिली चाळणी तिथे लावतो, अडकलेल्या आणि शंकास्पद क्वेऱ्या मीमरच्या तपासनिसात घालतो, आणि मग प्रत्येक क्वेरी तिन्ही डेटाबेसच्या रिकाम्या प्रतींवर नुसती तयार करून पाहतो. तिसऱ्या पायरीला पर्याय नाही, कारण मानकात असलेली गोष्ट आपल्या डेटाबेसात असेलच असे नाही.

याची उदाहरणे आपल्या तिकडीत भरपूर सापडतील. पहिल्या दहा ओळींसाठी एसक्यूएल सर्व्हरवर ‘टॉप’ आणि ओरॅकलवर ‘रोनम’ लिहिले असेल. दोन्ही मानकाबाहेरची आहेत. मानकाचे ‘फेच’ तिन्हीकडे चालते, पण एसक्यूएल सर्व्हरला आधी ‘ऑर्डर बाय’ आणि ‘ऑफसेट’ लागतातच, म्हणून ‘ऑफसेट ० रोज फेच नेक्स्ट १० रोज ओन्ली’ असे पूर्ण रूप सगळीकडे लिहावे. नलच्या, म्हणजे न भरलेल्या मूल्याच्या, जागी दुसरे मूल्य देणाऱ्या ‘एनव्हीएल’ आणि ‘इझनल’ या दोघांच्या जागी ‘कोअलेस’ आणि ‘डीकोड’च्या जागी ‘केस’ घालता येते, मात्र ‘डीकोड’ दोन नल सारखे मानतो आणि ‘केस’ची साधी तुलना तसे मानत नाही, हे पाहून घ्यावे. वजाबाकीच्या ‘मायनस’ला मानकाचा पर्याय ‘एक्सेप्ट’ आहे, पण ओरॅकलमध्ये तो २१सी पासून आला आणि आपल्याकडे १९सी आहे. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून क्वेरी नव्याने लिहिणे बरे, मात्र ‘एक्सेप्ट’ पुनरावृत्त ओळी गाळतो आणि नल सारखे मानतो, हे लिहिताना ध्यानात असू द्यावे. टेबलाच्या टोपणनावाआधीचा ‘अ‍ॅझ’ मानकात ऐच्छिक आहे आणि ओरॅकलला तो चालत नाही, म्हणून सगळीकडून काढून टाकावा.

काही ठिकाणी एकच मजकूर तिघांना चालणार नाही, हे आधीच मान्य करावे. शाखा, उपशाखा, त्यांच्या उपशाखा अशी उतरंड काढणारी पुनरावर्ती क्वेरी घ्या. मानकात ‘विथ रिकर्सिव्ह’ आहे. पोस्टग्रेसला तो दुसरा शब्द लागतोच आणि एसक्यूएल सर्व्हरला तो चालत नाही. अशा मोजक्या क्वेऱ्यांसाठी वेगळी फाइल ठेवली, तर त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद ३ — पतसंस्था_प्रणाली

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने आम्ही तीन आठवडे काम केले. रचनेच्या तपासणीत बहुतेक क्वेऱ्या निभावल्या. ज्या अडल्या त्यांतल्या जवळपास सगळ्या ‘टॉप’, ‘रोनम’, ‘एनव्हीएल’ आणि ओरॅकलच्या जुन्या पद्धतीच्या, कंसातल्या अधिक चिन्हाने केलेल्या टेबलांच्या जोडणीमुळे अडल्या होत्या. त्यानंतर ओरॅकलवरच्या एका जुन्या ग्राहकाच्या माहितीची, नावे व आकडे बदललेली, प्रत पोस्टग्रेसवर भरून दोन्हीकडचे अहवाल ताडून पाहिले, आणि तिथे आम्ही खरोखर हादरलो.

सभासदांच्या यादीत शेकडो ओळींत नावाचा रकाना कोरा आला. आमच्या टेबलात नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन कॉलम आहेत आणि ते दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडलेले आहेत, जे चिन्ह मानकातले आहे. ज्या सभासदांच्या वडिलांचे किंवा पतीचे नाव भरलेले नव्हते, त्यांचे पूर्ण नावच नाहीसे झाले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दहा हजार रुपयांवर ८ टक्क्यांनी ९० दिवसांचे व्याज ओरॅकलवर १९७ रुपये २६ पैसे येते, तर पोस्टग्रेसवर नेमके १९७ रुपये आले. दहा लाखांच्या एका ठेवीवर वर्षभराचे व्याज काढताना तर पोस्टग्रेसने आकडा मर्यादेबाहेर गेल्याची त्रुटी दाखवून क्वेरी थांबवली. या दोन्ही क्वेऱ्या तपासनिसात निर्दोष ठरलेल्या आहेत.

प्रतिसाद ४ — जुना_डीबीए

हे आपल्याला चालू संस्थेत न कळता प्रतीवर कळले, हे फार बरे झाले. दोन्ही प्रकारांची कारणे वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगतो.

नावांच्या बाबतीत पोस्टग्रेस मानकाप्रमाणे वागले आहे. मानकात नल म्हणजे अज्ञात मूल्य, आणि ज्ञात मजकुराला अज्ञात जोडले की उत्तर अज्ञातच राहते. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल समजते आणि जोडणी करताना नलला रिकामा मजकूर समजते. ही वागणूक मानकापेक्षा वेगळी आहे आणि आपली क्वेरी इतकी वर्षे नकळत तिच्यावर टेकून उभी होती. आपल्याकडे मधले नाव नसलेली नोंद ही दुर्मीळ गोष्ट नाही, म्हणून प्रत्येक जोडणीत मधल्या नावाला ‘कोअलेस’ लावून रिकामा मजकूर द्यावा. ओरॅकलवर त्याने काही बिघडत नाही आणि पोस्टग्रेसवर नाव परत येते. एसक्यूएल सर्व्हरची अडचण निराळी आहे: २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत उभ्या रेघांची जोडणीच नाही, तिथे + लागतो, आणि नलच्या बाबतीत त्याचीही मूळ वागणूक मानकासारखीच आहे. मी तुमच्या जागी असतो, तर पूर्ण नाव काढण्याचे काम प्रत्येक डेटाबेसवर एका व्ह्यूत, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत, ठेवले असते आणि साडेसहाशे क्वेऱ्यांना त्या व्ह्यूकडेच पाठवले असते.

याच मुळातून फुटलेली आणखी एक फांदी तपासा. मधले नाव रिकाम्या मजकुराबरोबर ताडून पाहणारी अट ओरॅकलवर कधीच खरी ठरत नाही, कारण तिथे ती नलशी तुलना होते. तशीच अट पोस्टग्रेसवर ओळी परत देऊ शकते. अशा अटी रचनेच्या चाळणीत सापडणार नाहीत. त्या शोधण्यासाठी फायलींमध्ये लागोपाठ आलेली दोन एकेरी अवतरणचिन्हे धुंडाळावी लागतील.

व्याजाच्या बाबतीत मात्र दोघेही मानकाच्या आत आहेत, आणि मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अचूक संख्यांच्या भागाकारात दशांश किती ठेवायचे, हे मानकाने उत्पादकावर सोपवले आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की पूर्णांकच देतात. ओरॅकल दशांश राखते. तुमची क्वेरी मुद्दल, दर आणि दिवस यांचा गुणाकार करून ३६५०० ने भागते आणि पोस्टग्रेसवर ते तिन्ही कॉलम इंटिजर, म्हणजे पूर्णांक, म्हणून तयार झाले असावेत, म्हणून पैसे गळाले. थांबलेल्या क्वेरीचे कारणही तेच आहे: दहा लाख, ९ टक्के आणि ३६५ दिवस यांचा गुणाकार ३२८ कोटी ५० लाख होतो आणि इंटिजरची मर्यादा सुमारे २१४ कोटी ७४ लाखांची आहे. रकमेचे आणि दराचे कॉलम न्यूमेरिक, म्हणजे दशांश राखणारे, करा, आणि तरीही क्वेरीत मुद्दल प्रकार बदलणाऱ्या ‘कास्ट’ने न्यूमेरिक करूनच गुणाकार सुरू करा, म्हणजे उद्या कोणी टेबल बदलले तरी हिशेब टिकेल. एसक्यूएल सर्व्हरवरचे अहवालही याच नजरेने पाहा. तिथेही कॉलम पूर्णांक असतील, तर हा दोष आजच तिथे नांदत असेल.

प्रतिसाद ५ — देवनागरी_विदा

माझे काम मराठीतून भरलेल्या नोंदींशी रोज येते, म्हणून या यादीत दोन गोष्टी घालतो.

पहिली गोष्ट देवनागरी मजकुराची. एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरीत थेट देवनागरी मजकूर लिहिला आणि अवतरणचिन्हाआधी इंग्रजी एन हे अक्षर दिले नाही, तर डेटाबेसची कोलेशन, म्हणजे अक्षरे साठवण्याची व क्रम लावण्याची ठरवलेली पद्धत, यूटीएफ-८ नसल्यास त्या मजकुराची प्रश्नचिन्हे होतात. ‘ठेव’ या शब्दाने गाळणी लावलेली क्वेरी मग त्रुटी न देता शून्य ओळी आणते. हे एन अक्षर मानकातलेच आहे, एफ ४२१ या क्रमांकाचे, आणि ओरॅकल व पोस्टग्रेसही ते स्वीकारतात. त्यामुळे देवनागरी मजकुराआधी ते सर्वत्र लिहिले, तर तिन्हीकडे एकच क्वेरी राहते. तपासनीस याबद्दल काहीच सांगणार नाही, कारण एन असला काय आणि नसला काय, रचना बरोबरच असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. नल आधी यावेत की शेवटी, हेही मानकाने उत्पादकावर सोडलेले आहे. चढत्या क्रमात ओरॅकल आणि पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतात, एसक्यूएल सर्व्हर सुरुवातीला. ‘नल्स लास्ट’ मानकात आहे, पण एसक्यूएल सर्व्हरकडे नाही, म्हणून ‘ऑर्डर बाय’मध्ये आधी ‘केस’ने नलला १ आणि बाकीच्यांना ० देऊन मग मूळ कॉलम लिहावा. नावांचा क्रम तर कोलेशनवर ठरतो. पोस्टग्रेसवर ‘सी’ ही कोलेशन ठेवली, तर क्रम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लागतो आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, ‘ह’नंतर येत नाही. छापील सभासद यादी मराठी वर्णक्रमाने हवी असेल, तर पोस्टग्रेसवर आयसीयूची, म्हणजे भाषानिहाय वर्णक्रम पुरवणाऱ्या युनिकोडच्या साधनसंचाची, मराठी कोलेशन घेऊन क्रम मुद्दाम डोळ्यांखालून घालावा.

प्रतिसाद ६ — वेगाचा_विचार

थोडे वेगळे मत नोंदवतो. मानकाचा आग्रह सर्व साडेसहाशे क्वेऱ्यांना सारखाच लावू नये. दिवसअखेरीची व्याज आकारणी किंवा वार्षिक ताळेबंद यांसारख्या लाखो ओळी फिरवणाऱ्या क्वेऱ्यांत त्या त्या डेटाबेसची खास सोय सोडून दिली, तर रात्रभराचे काम सकाळपर्यंत रेंगाळू शकते. त्या क्वेऱ्या वेगळ्या ठेवा आणि मानकाबाहेर काय आहे व का आहे, हे प्रत्येकीच्या डोक्यावर टिपणीत लिहून ठेवा. माझ्या लेखी, जाणूनबुजून केलेला आणि लिहून ठेवलेला अपवाद धोक्याचा नसतो.

प्रतिसाद ७ — पतसंस्था_प्रणाली

सर्वांचा ऋणी आहे. चर्चेनंतर आम्ही जे ठरवले, ते पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आधार म्हणून २००८ चे मानक घेतले आहे, कारण ‘फेच’ त्यात आहे आणि आमच्या तिन्ही डेटाबेसांत त्यातले आम्हाला लागणारे जवळपास सगळे उपलब्ध आहे. गाभ्याबाहेरच्या ज्या वैशिष्ट्यांना परवानगी दिली, त्यांची क्रमांकासह यादी केली. आजमितीस त्यात नऊ क्रमांक आहेत. या यादीबाहेरची रचना आली, तर बदल कोडच्या मुख्य प्रतीत जोडण्याआधी दुसऱ्या सहकाऱ्याची संमती लागेल. १४ क्वेऱ्या जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीवर कारणाची टिपणी आहे.

निकाल ताडून पाहण्यासाठी दोनशे खात्यांची एक छोटी प्रत बनवली आहे. त्यात मुद्दाम मधले नाव नसलेले सभासद, रिकामा पत्ता, शून्य दिवसांची ठेव, दहा लाखांवरची मुद्दल आणि ‘ळ’ने सुरू होणारे एक काल्पनिक आडनाव घातले आहे. रोज रात्री सर्व क्वेऱ्या तिन्हीकडे या प्रतीवर चालतात आणि उत्तरे ओळीला ओळ लावून ताडली जातात. कालच्या रात्री चार क्वेऱ्यांत फरक आला. तीन ठिकाणी ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये वेळही साठवलेली असते, ती मानकाच्या ‘डेट’मध्ये नसते, म्हणून दिवसाच्या सीमेवरचे व्यवहार निसटत होते, त्या अटी आता ‘या दिवसापासून, पुढच्या दिवसाच्या आधीपर्यंत’ अशा लिहीत आहोत. चौथीत एसक्यूएल सर्व्हर रोमन अक्षरांतल्या खाते-संकेतांत लहान-मोठ्या लिपीचा भेद करत नाही आणि इतर दोघे करतात, असे आढळले. तिथे क्वेरीला हात न लावता संकेत साठवतानाच मोठ्या लिपीत करून घेत आहोत.